बाविसावी काच

८ जुलै २०२५, मंगळवार

एकविसावी पण गेली! सकाळी काळीभोर होती, संध्याकाळी कडांनी पिवळी. हळद लागली बाईला.

पेरोव्स्काइटला, म्हणजे उन्हाची वीज करणाऱ्या या काळ्या थराला, ओल अजिबात सोसत नाही, आणि मी ते करत बसलेय कुठे — रत्नागिरीत, जुलैत! लॅबमध्ये ब्याण्णव टक्के दमटपणा. काचेवर नॅनोकणांचा थर द्यायचा, दहा मिनिटं भाजायचा, वर धातू चढवायचा — झाली सोलर सेल. दोन दिवसांत मरते. ती उघड्या हवेत महिनाभर टिकवून दाखवायचीय. पीएचडीची शेवटची मुदत ३० सप्टेंबर. नाही दाखवली तर सहा वर्षं पाण्यात.

आई म्हणते, "काचाच रंगवत बसलीस." काय चुकीचं बोलली?

११ जुलै

बाविसावी केली. शेवटची. थराला लागणारं शिशाचं मीठ संपलं, नवं यायला दिवाळी उजाडेल. काच उघड्या फळीवर ठेवली आणि तिथेच रडले, मूर्खासारखी. आमचे लॅब अटेंडंट धाकूमामा टेबल पुसत होते. "झालं काय गो बाय?" म्हटलं, ओल लागून मरतात हो सगळ्या, ही शेवटची. त्यांनी फळीवरची काच वाकून निरखली.

१६ जुलै

काळी आहे!

१२ ऑगस्ट

महिना झाला. काळीच! माझ्या गाईड सरांनी स्वतः चहा मागवला, सहा वर्षांत पहिल्यांदा. "पेपर पाठव लगेच." पाठवला.

आनंद व्हायला हवा, होत नाही. एकवीस मेल्या, मग हीच का जगली? मला सांगता येत नाही, आणि सर विचारत नाहीत.

१९ ऑगस्ट

संपलं.

आज घरून, मालगुंडहून, पहिल्याच एसटीने लॅबला गेले. फळी रिकामी! सगळी कपाटं उघडून पाहिली. साडेआठला धाकूमामा आले, पिशवीतून जेवणाचा जुना डबा काढला, आणि त्यातून — माझी काच.

"रोज नेतो गो घरी. चुलीवरच्या शिंक्यात ठेवतो, मिठाच्या मडक्याजवळ. पावसात मिठाला पाणी सुटतं, तिथं नाय सुटत. सकाळी तू यायच्या आत परत फळीवर."

"मामा, शिसं आहे त्यात!"

"डबा बंद असतो. तू रडत होतीस, म्हणून..."

उघड्या हवेतली काच म्हणे! रोजची रात्र बंद डब्यात, चुलीच्या उबेला. आणि मी जगाला लिहून कळवलंय, ओल सोसते म्हणून. मी ओरडले त्यांच्यावर. खूप ओरडले. काच खिडकीच्या कट्ट्यावर टाकली आणि घरी आले. साठीचा माणूस, मान खाली घालून उभा होता. लाज वाटते माझी मलाच.

२१ ऑगस्ट

सरांना सगळं सांगितलं. "कोणाला कळणार आहे? राहू दे."

मला कळलंय ना.

२२ ऑगस्ट

पेपर मागे घेतला. सर रागावलेत. धाकूमामा गणपतीच्या रजेवर गेले, न सांगताच. मी तरी कुठे बोलले त्यांच्याशी?

२७ ऑगस्ट

घरात गणपती, आरत्या, पाहुणे. जो तो विचारतो, "डॉक्टर कधी होणार?" हसून मोदक वाढते.

२ सप्टेंबर

विसर्जन. वाटलं, लॅबच्या सहाही वह्या मूर्तीबरोबरच पाण्यात सोडाव्यात.

८ सप्टेंबर

लॅबमधलं टेबल आवरायला गेले. काच खिडकीतच पडलेली. वीस दिवस, दिवसरात्र, खाऱ्या वाऱ्यात.

काळी!

दिव्याखाली धरली. तीनदा मोजली. वीज जवळजवळ पहिल्या दिवसाइतकीच. आम्ही दहा मिनिटं भाजतो. मामांनी एकोणचाळीस रात्री, चुलीच्या मंद उबेवर भाजली.

त्यांना फोन लावला. माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "मामा, शिंकं चुलीपासून किती हात वर आहे?"

"तीन हात. का गो बाय, परत काय चुकलं माझं?"