उजेडाच्या तलवारीची मूठ

नासिर,

दादीची दुआ. कुवेतहून रजेवर आलास आणि सिनेमातल्या उजेडाच्या तलवारीची नकली मूठ पितळेच्या कड्यांनी सजवत बसलास. मी सगळ्यांसमोर बोलले, “पातं नाही, बायको नाही, नुसती मूठ!” तू ती इथेच टाकून कुवेतला परत गेलास.

मूठ हातातून सटकत होती. तुझे दादा कोयत्याच्या मुठीला गुंडाळायचे तसा मी तिला जाळ्याचा दोरा घट्ट गुंडाळला. दार लावून मुठीतल्या बॅटरीची कळ दाबली, उजेडावर हात धरला. या अल्ला! बोटं आतून लाल पेटली. जन्मभर मासळी कापणारे हे हात इतके देखणे असतील, वाटलं नव्हतं.

मी चुकले. पण हे पत्र टाकणार नाही, तू डोक्यावर बसशील. परवा कुवेतला जाणाऱ्या शेजारच्या नझीरकडे मूठ तेवढी देते. हातात धर, कळेल.

मरियम दादी