जुन्या घराला होकार

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. आईंना घेऊन मी त्या जुन्या घराच्या मालकीणबाईंकडे चालले आहे. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, त्याआधी काय ते सांगा, असा त्यांचा फोन आला. तुम्हाला कितीदा फोन लावला, तुम्ही उचलत नाही.

नवी इमारत चकाचक आहे, मान्य. पण काल आईंना दाखवायला नेलं, तर लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर त्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "इथं राहायला आले तर मी पुन्हा खाली उतरायची नाही गं." बिल्डरचा माणूस म्हणतो, लिफ्ट पुढच्या महिन्यात सुरू होईल. गेल्या वर्षीही हेच म्हणत होता. जुन्या घराच्या भिंतीला ओल आहे खरी, पण ती गवंडी बोलावून काढता येईल आणि घर तळमजल्यावर आहे.

रात्री हेच सांगत होते, तर तुम्ही कूस बदलून म्हणालात, "दादाला विचारून बघतो." दादांना त्या घरात राहायचं नाहीये, आपल्याला राहायचंय. माझं मत तुम्ही अजून एकदाही विचारलेलं नाही.

मी होकार देणार आहे. नको असेल तर तिथे येऊन आईंच्या समोर सांगा. दादांना पाठवू नका.