कधीही ये

क्योतो
९ एप्रिल २०२०

चि. किनुकोस,
अनेक उ. आ.

तू पाठवलेला वाळल्या कोंबू शेवाळाचा डबा पोचला. टपालवाल्यानं तो दारातल्या दगडावर ठेवला, मागे सरकला आणि लांबूनच वाकून नमस्कार केला. मीही आतून वाकले. तुझा वाळवलेला समुद्र आमच्या दोघांच्या मधे.

यंदा चेरी बहरली आणि बघायला कुणी नाही. आपल्या गल्लीतून प्रवाशांच्या चाकांच्या बॅगा खडखडत जायच्या, तेव्हा मी वैतागून म्हणायची की एकदा तरी यांची चाकं निखळू देत. मला कानांनी कमी ऐकू येतं, पण तो खडखडाट जमिनीतून पायांना कळायचा. आता पाय त्याची वाट बघतात.

माझ्या लॉजच्या सगळ्या खोल्या रिकाम्या आहेत. स्वयंपाकाच्या बाईंना घरी पाठवलं. शेजारच्या मासुयोचं पंख्यांचं दुकानही बंद. तुला आठवते ना ती? ननांच्या शाळेत माझ्या वर्गात होती, प्रार्थनेच्या वेळी हसून मलाही शिक्षा करवायची. परवा कुंपणापलीकडून म्हणत होती की देवळं बंद झाली, आता या शहरात बघण्यासारख्या जुन्या वस्तू म्हणजे आपण दोघीच, आणि तिकीट काढायला कुणी नाही.

माझं पोट जरा कुरकुरतं. वयच आहे. फोनवर तुझं निम्मं बोलणं मला कळत नाही, तेव्हा पत्रच लिहीत जा. इकडे कधी येणं झालं तर वर चढून ये, चहाभात तरी खाऊन जा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
फुसाए


हाकोदाते
१७ मे २०२०

ती. फुसाएताईस,
सा. न. वि. वि.

तुझं चहाभाताचं आमंत्रण वाचून इतकी हसले की ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग त्यांना समजावून सांगितलं, की आमच्या क्योतोत पाहुण्याला चहाभात खाऊन जा म्हणतात त्याचा अर्थ, आता उठा. हे मासळीबाजारात वाढलेले. म्हणाले, म्हणजे लग्नाची बोलणी करायला मी आलो होतो तेव्हा तुझ्या आईनं तीनदा विचारलं आणि मी तिन्ही वेळा वाडगाभर खाल्ला, त्याचं काय? मी म्हटलं, तेच ते. इतक्या वर्षांनी बिचाऱ्यांच्या घशाशी आला तो भात.

शाळेत सिस्टर सांगायच्या, होय असेल तर होय म्हणा आणि नाही असेल तर नाही. घरी आलो की आई शिकवायची की ज्या आमंत्रणाला वार नाही ते आमंत्रण नव्हे, ते हळूच लावून घेतलेलं दार आहे. दोन्ही धडे आपल्याला पाठ होते, पण परीक्षा आईच घ्यायची. मी इथल्या सरळसोट माणसांत राहिले तरी तिचा धडा विसरलेले नाही, एवढं तुला सांगायचं होतं.

खरं सांगू, यावंसं फार वाटतं. पण आमच्या होक्काइदोत साथ सगळ्यांच्या आधी पसरली. इथलं माणूस म्हटलं की लोक दोन हात लांब होतात. माझ्यामुळे तुझ्या दाराशी कुणी नाक मुरडायला नको.

पोट डॉक्टरांना दाखव. वय वय करू नकोस, ते मलाही आहे.

तुझी माया मला पुरून उरो.
तुझी धाकटी,
किनुको


क्योतो
२२ जून २०२०

चि. किनुकोस,
अनेक उ. आ.

तुझ्या यजमानांना सांग की आई त्या दिवशी नंतर म्हणाली होती, जो तीन वाडगे खातो तो मुलगी उपाशी ठेवणार नाही. म्हणजे त्यांचं खाणं वाया गेलं नाही.

प्रवासाची बंदी उठली, तरी गल्ली तशीच आहे. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याची मुलगी तोक्योहून भेटायला आली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर कुणीतरी कागद चिकटवला: 'परत जा.' सुंदर अक्षर होतं. शाईही चांगली होती. आपल्या गावात शिवीसुद्धा ब्रशनं लिहितात.

जुलैत गिओनच्या उत्सवाचे रथ निघणार नाहीत, असं ठरलं. मला वाटलं होतं यंदा बघून घ्यावेत. असो.

तपासण्या झाल्या. काळजी करण्यासारखं काही नाही. भूक कमी झाली एवढंच. वरच्या, नदीकडच्या खोलीतल्या चटया बदलून घेतल्या. नव्या गवताचा वास घरभर आहे.

जमेल तेव्हा ये. कधीही ये, मी घरीच असते. तुमच्याकडचा रुग्णांचा आकडा पुन्हा वाढतोय असं ऐकते, तेव्हा प्रकृतीला जप.

आठवण काढत राहा, तेवढीही पुरते.
तुझी ताई,
फुसाए


हाकोदाते
१९ जुलै २०२०

ती. फुसाएताईस,
सा. न. वि. वि.

एक सांगते, रागावू नकोस. मी परवा क्योतोला येऊन गेले.

ह्यांनीच ढकललं. बहिणीला भेटावंसं वाटतं तर जा की, तुमचं ते अर्थ लावणं मला कळत नाही, असं म्हणाले. दिवसभर गाडीत बसून आले, स्टेशनाजवळच्या हॉटेलात उतरले. काउंटरवरची मुलगी प्लॅस्टिकच्या पडद्यामागून बोलत होती. होक्काइदोचा पत्ता लिहिताना माझाच हात अडखळला.

सतरा तारीख होती, रथांचा दिवस. एरवी त्या सकाळी शिजो रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. बाबा तुला खांद्यावर घेऊन रथ दाखवायचे आणि मी रडले की आपली अदलाबदल व्हायची. परवा त्या रस्त्याच्या मधोमध मी एकटी चालले. झांजा नाहीत, बासऱ्या नाहीत. सिग्नल आपला हिरवा होत होता, कुणी नसताना. कियोमिझू देवळाच्या चढावर भाड्याच्या किमोनोंची दुकानं बंद, काचेमागे पुतळ्या मात्र नटूनथटून उभ्या. एका मिठाईवाल्या आजींनी माझ्या हातावर नमुन्याची वडी ठेवली आणि लगेच विचारलं, कुठून आलात. जवळूनच, असं खोटं बोलले. सिस्टरांनी कान पिळला असता.

मग आपल्या गल्लीत आले. कोपऱ्यावरच्या दारावर कागद फाडल्याची खूण अजून आहे. मासुयोताईंच्या दुकानाचं शटर जरा वर होतं, मला पाहून खाली आलं. मास्क आणि टोपी, त्यांनी ओळखलं नसणार. वरच्या खोलीत तुझा रेडिओ मोठ्यानं लागला होता, म्हणजे तू घरीच होतीस. बेलवर बोट ठेवलं होतं मी, ताई.

मग तुझं वाक्य आठवलं. जमेल तेव्हा ये, कधीही ये. आणि लागलीच आमच्याकडचा आकडा. तू किती हळुवारपणे लिहिलं होतंस ते तिथे उभी असताना मला कळलं. मी वर आले असते तर तू हसून घेतलंच असतंस आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या दारावर कागद लागला असता. म्हणून बोट काढून घेतलं. तुझा रेडिओ थोडा वेळ ऐकला आणि परत फिरले.

आईला आवडलं असतं ना? मी अजून क्योतोचीच आहे, हे कळून मला बरं वाटलं.

लांबून का होईना, लोभ करत राहा.
तुझी धाकटी,
किनुको


क्योतो
२५ जुलै २०२०

किनुको,

फार वेळ बसवत नाही, म्हणून थोडंच लिहिते.

मला पोटाचा कॅन्सर आहे. डॉक्टर दवाखान्यात दाखल व्हा म्हणत होते. तिथे सध्या कुणालाच भेटू देत नाहीत. तू आलीस तर भेटता यावं म्हणून मी घरी राहिले. चटया तुझ्यासाठी बदलल्या होत्या.

कधीही ये असं लिहिलं, कारण मला किती दिवस आहेत ते डॉक्टरांनाही सांगता येईना. वार कुठला लिहू? आकड्याचं लिहिलं कारण तुझी काळजी वाटली. त्यात दुसरं काही नव्हतं. जन्मभर आपण वाकड्या वाटेनं बोललो आणि एकदा मी सरळ बोलले ते तुला ओळखता आलं नाही. दोष तुझा नाही. मी तरी ओळखलं असतं का?

रेडिओ मी ऐकत नव्हते. घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून लावते.

शनिवारी ये. एक ऑगस्टला, दुपारी. कागद लागला तर लागू दे. ये.

ताई


हाकोदाते
३ सप्टेंबर २०२०

सौ. मासुयोताई यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.

ताईचं शेवटचं पत्र आलं त्याच दिवशी मी शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. गुरुवारी सकाळी आपला फोन आला. दहनाला मोजकीच माणसं चालतील, लांबून कुणी न आलेलं बरं, असं चुलतभावानं कळवलं, तेव्हा मी बॅग तशीच राहू दिली. ती अजून तिथेच आहे. हे येताजाता तिला वळसा घालून जातात, पण उचलून ठेव म्हणत नाहीत.

शेवटच्या दिवसांत आपण रोज तिला पेज भरवलीत, तिचे केस विंचरलेत. बुधवारी संध्याकाळी तिनं आपल्याला नदीकडची खोली पुन्हा झाडायला सांगितली, हेही आपण लिहिलंत. हे मी करायला हवं होतं. आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते मला माहीत नाही. शब्दांवरचा माझा भरवसाच उडाला आहे.

आता आपल्या पत्रातल्या शेवटच्या ओळींबद्दल विचारते. ताईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीबद्दल आपण लिहिलं आहे: 'इतक्या लांबून, अशा दिवसांत, आपण त्रास घेऊ नये. तरी येणं झालंच तर आनंदच आहे.'

ही ओळ मी ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, आनंद आहे म्हणतात ना, मग जाऊ या. मी पुन्हा वाचली, तर वाटलं, त्या नको म्हणताहेत. संध्याकाळी वाचली तर वाटलं, बोलावताहेत. पूर्वी अशी ओळ मी एका नजरेत वाचली असती आणि वाचता येते याचा मला अभिमानही वाटला असता.

मासुयोताई, राग मानू नका. मी येऊ नये असं असेल तर 'येऊ नका' एवढंच लिहा. मी यावं असं असेल तर 'या' लिहा. लहान मुलाला किंवा परक्या देशातल्या माणसाला लिहितात तसं लिहा. मला आता आपली भाषा कळत नाही.

लोभ असेल तर तो उघड शब्दांत असू द्या.

आपली,
किनुको