सीताबाईची थप्पी

१० नोव्हें. २००३
छोटे मालक नागपूरहून ट्रेनिंग करून आले. (इथून पुढं छो.मा., कोण एवढं लिहील.) फळ्यावर त्रिकोण काढला. खाली पोट, वर मान. माणूस पगारापेक्षा कौतुकासाठी जास्त राबतो म्हणे. आता मिलच्या गेटवर ‘महिन्याचा उत्तम कामगार’, फोटोसकट. तांदळाची पोती शिवणाऱ्या बायांतून एक नाव मी द्यायचं. सुपरवायझर ना मी! वरून हेही, "तुमच्या पर्मनंटचं मग बाबांशी बोलतो."

१२ नोव्हें.
नाव कोणाचं देऊ? सगळ्या एकोडी गावच्या. धान रोवण्याची टोळी जशीच्या तशी मिलमध्ये आलेली. शेताच्या बांधीत जिची ओळ आधी पुरी होते, ती मागं राहिलेलीच्या ओळीत जाऊन रोवते. इथंही तेच. सीताबाईचं मनगट मोडलं होतं, नीट बसलंच नाही. दाभण धरते, पण सुतळी ओढता येत नाही. तिची अर्धी पोती बाकीच्या शिवतात. छो.मा.ले माहीत नाही. माहीत झालं तर म्हातारी घरी.

१५ नोव्हें.
येणूचं नाव दिलं. हात चालतो पोरीचा. पर्मनंटचा विचार मनात नव्हता असं कायले लिहू. होता.

१८ नोव्हें.
फोटो लागला. छो.मा.चा नवा हुकूम, शिवलेल्या पोत्यांची हरेकीची थप्पी वेगळी. बाया येणूशी बोलत नाहीत. डबा एकटी खाते. मले म्हणे, "ताई, काढा तो फोटो. मी मेली का, भिंतीले टांगाले?"
हसू आलं. सीताबाईची थप्पी गुडघ्याएवढी. छो.मा. तिथं दोनदा थांबले. बोलले नाहीत.

२० नोव्हें.
बोलले. "ही बाई कायम मागे का? महिनाभर बघा, नाहीतर बदला."
सीताबाईले मी सांगितलं नाही. तरी तिले समजलंच.

४ डिसें.
अरे बापा! सीताबाईची थप्पी सगळ्यांत उंच. छो.मा. जेवाले गेले की येणू आपली पोती तिच्या थप्पीवर ठेवते. तिचं पाहून बाकीच्याही. येणूशी बोलणं सुरू. मी पाहिलं तर म्हणे, "काय पाहून राहिल्या ताई? ओळ पुरी करून राहिलो."
मी तोंड फिरवलं. जरा दमानं घ्या न बायांनो, हे म्हणायचं राहूनच गेलं.

१३ डिसें.
यावेळी मले विचारलंच नाही. छो.मा.नी थप्प्या पाहून स्वतःच ठरवलं, सीताबाई. नाचायचे तेवढे बाकी. "बघा मॅडम, दुसरीचा फोटो पाहून हिच्यात जिद्द आली! थिअरी!"
सोमवारी मोठे मालक येणार, सोबत ट्रेनिंगवाले सर. त्यांच्यासमोर सीताबाईनं एकटीनं पोतं शिवून दाखवायचं. कोणी जवळ जायचं नाही. माझं पर्मनंटचं पत्रही तेव्हाच.

१४ डिसें., रविवार
एकोडीले जाऊन आली. सीताबाई अंगणात फाटकं बारदान घेऊन बसलेली, येणू बाजूले. पहिला टाका निघाला. दुसऱ्याले दाभण हातून पडलं.
"उद्या खरं सांगून टाकू का?" मी म्हटलं.
येणू चिडली. "अन् मंग? आमी सगळ्या घरी? तुमी बी?"
सीताबाईनं दाभण उचललं. म्हणे, "ताई, फोटोले नवं लुगडं नेसू का?"
नेसा म्हटलं. अन् बारदान तिच्यापुढं सरकवलं.