दुनळीची किंमत

आबा, तुमची बंदूक इंग्रजांची नाही. काल धुळ्याला नेली होती. माझ्यामागे ती घ्यायला कोणी नाही, म्हणून विकून टाकावी म्हटलं. शिवाय दर निवडणुकीला तिला ठाण्यात जमा करून पावती आणण्याइतका उत्साह आता लोकशाहीसाठीही उरलेला नाही.

दुकानदार म्हातारा, बोलण्यात घाई नाही. नळ्या उतरवून त्याने त्यांच्या खालच्या बाजूचे कारखान्याचे ठसे भिंगातून पाहिले. "भाऊ, हाई इंग्रजनी नई शे. बेल्जमनी शे. तवय अश्या गाडाभर येयेत." म्हणजे कुठल्याशा साहेबाने पणजोबांवर खूश होऊन ती दिली, ही गोष्ट गेली. प्रकाशा गावी एका लग्नात अख्ख्या पंगतीला तुम्ही ती ऐकवली होतीत. मला हसू आलं. मग त्याने घोडे उचलून आत पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. "काडतूसवर आपटतीस त्या पिना कोनी घसी टाक्यात? दोन्ही कानसवरी घसेल शेतस. हाई तं फुटनारच नई."

परवाना पीकसंरक्षणाचा. वर्षानुवर्षं तुम्ही उसात मचाणावर ती मांडीवर घेऊन बसलात. शेजारचे काका बांधावरून विचारायचे, "आबा, तुम्हना बार कधी ऐकू ये नई?" तुम्ही म्हणायचात, "मन्ही बंदूक देखीसनच डुकरं पयतस." डुकरं पळत नव्हती, निवांत ऊस खात होती. त्यावर मी पेपरात लेख लिहिला, लोक पोट धरून हसले. तुम्ही पेपरची घडी घातलीत आणि एवढंच विचारलंत, "नाव तं नई टाकं ना मन्हं?"

काल दुकानात उभ्या उभ्या स्वयंपाकघर आठवलं. मी नऊ वर्षांचा. सकाळी घरी आलेल्या तलाठ्याची मी त्याच्यासमोरच नक्कल केली होती, आणि तुम्ही चारचौघांत कानाखाली वाजवली होतीत. दुपारी तुम्ही जेवताय, आई तव्यावर भाकरी टाकतेय, आणि मी दारात बंदूक घेऊन उभा, नळ्या तुमच्याकडे. घोडा ओढायला बोटांत जोर पुरत नाही. तुम्ही खरकट्या हातानेच उठता, बंदूक घेता, ती मधून उघडून दोन काडतुसं काढता, कोनाड्यात ठेवता आणि परत ताटावर बसता. "खेळी ऱ्हायंता तो," आई म्हणते. "हा, खेळीच ऱ्हायंता," तुम्ही म्हणता. संध्याकाळी गोठ्यात कानस वाजत होती. मला वाटलं, विळ्याला धार लावताय.

दुकानदार म्हणाला, "नव्या पिना टाकी देऊ का? मंग गिऱ्हाईक भेटी. नई तं हाई भिंतवर टांगानी वस्तू." मी नको म्हटलं आणि परत घेऊन आलो. का, ते घरात विचारायलाही कोणी नव्हतं. त्या दुपारचे आपण तिघं, त्यातला मी उरलो. एरवी मी कुणाचंही काहीही छापतो. हे छापणार नाही.

मी खेळत नव्हतो, आबा. तुम्हाला ते त्याच दुपारी कळलं होतं.