इपोहहून आलेले घर

मी, येओ सिउ हूंग, वय ६८, अविवाहित, पूर्वीची गणित शिक्षिका, सध्या जाळून मेलेल्यांना पोचवायची कागदी घरे बांधणारी, राहणार जॉर्ज टाउन, पिनांग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझे थोरले बंधू येओ कोक तेंग वकील असून त्यांनी याबद्दल शंका काढण्याची शक्यता आहे. म्हणून सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण माझे जे काही होते ते कागदी घरांच्या दुकानाची मूळ मालकीण आणि माझी सोबतीण कोह बी ल्वान हिला जाणार होते. ती ३ एप्रिलला वारली. परवाच्या रविवारी तिचा एकोणपन्नासावा, शेवटच्या विधीचा दिवस झाला.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी जुनी विद्यार्थिनी, वकील चुआ लिंग हिने करावी. बंधूंचा सल्ला घेऊ नये. त्यांनी न मागता दिला तरी घेऊ नये.

२. दुकान, त्यावरची राहती खोली आणि मागचे अंगण, हे सर्व बी ल्वानने माझ्या नावे केले होते. ते मी सेल्वराणी मुनुसामी हिला देते. सेल्वी एकवीस वर्षे या दुकानात काम करते. बांबूची कामटी कुठे वाकेल आणि कुठे मोडेल हे तिला हात लावून कळते.

बंधूंना हे दुकान हवे आहे. गल्लीतली चार दुकाने एका हॉटेलवाल्याने घेतली आहेत, पाचवे हे हवे आहे. बी ल्वानच्या सातव्या दिवशी ते इथे आले. उदबत्ती लावली नाही. उभ्यानेच म्हणाले, “हूंग, लग्न न झालेल्या बाईच्या नावाची पाटी माहेरच्या देव्हाऱ्यात बसत नाही, हे तुला माहीत आहे. कुठल्या तरी देवळाच्या फळीवर अनोळखी लोकांत पडशील. मी तुला आईवडिलांशेजारी बसवतो. माझा धाकटा तुझा मुलगा म्हणून उदबत्ती धरेल. तू दुकान त्याच्या नावावर कर.”

मग त्यांनी सेल्वीकडे हनुवटी केली. “आणि या तमिळ बाईला आपल्या मेलेल्यांचं काय कळतं?”

सेल्वी बी ल्वानच्या घराची कौले चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, “काही कळत नाही, साहेब. पण एकवीस वर्षांत एकही मेलेला तक्रार घेऊन परत आलेला नाही. येतात ते जिवंतच.”

ते निघून गेले. त्यांच्या बोलण्याला माझे उत्तर कलम ६ मध्ये आहे.

३. बांबू तासायच्या सुऱ्या, बी ल्वानच्या वडिलांची मोठी कात्री आणि खळीचे पातेले सेल्वीला. माझ्या मापांच्या सत्तावीस वह्याही तिलाच. त्यांत घरांची मापे आहेत आणि मेलेल्या माणसाबद्दल घरच्यांना विचारायचे प्रश्नही आहेत. हे प्रश्न या धंद्यात माझ्याआधी कोणी विचारत नसे. दुमजली बंगला, मोटार, दोन नोकर, झाले. मी विचारू लागले की माणसाला खरोखर काय आवडायचे. फेरीबोटीवरच्या मिस्त्रीला मी बंगला दिला नाही, इंजिनाची खोली दिली. नूडल परतणाऱ्या एका म्हातारीला तिची हातगाडी दिली, तेव्हा तिचा मुलगा म्हणाला, “तिकडेही आईने राबायचं का?” तिची सून म्हणाली, “तिला हातगाडीपासून लांब कर, मग बघ रोज तुझ्या स्वप्नात येते की नाही.” पुढे मेदान आणि सिंगापूरहून मागण्या येऊ लागल्या. सेल्वी, हे प्रश्न वगळू नकोस. घाईची मागणी असेल तर मागणी सोड.

४. बँकेतल्या ठेवीतून माझ्या जुन्या शाळेतल्या गणिताच्या खोलीला नवीन पंखे द्यावेत. माझ्या नावाची पाटी लावू नये. मी नोकरी सोडली तेव्हा मुख्याध्यापिका शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत म्हणाल्या होत्या की पदवी घेऊन कागद चिकटवायला जाणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. पंखे मुलींसाठी आहेत.

५. मी या धंद्यात कशी आले याबद्दल आमच्या घरी खोटे सांगितले जाते. मला कोणी फूस लावली नाही. १९८५ मध्ये आई गेली. तिचे कागदी घर बी ल्वानच्या दुकानातून आणले होते आणि ते डावीकडे कलत होते. मी दुकानात जाऊन तिरप्या कामट्या कुठे हव्यात ते सांगितले. बी ल्वान म्हणाली, “मास्तरीणबाई, सांगता येतं तर बांधूनही दाखवा.” मी बांधून दाखवले. पुढच्या वर्षी नोकरी सोडली.

त्या दिवशी वडील जेवत होते. म्हणाले, “गणित शिकवतेस म्हणून लोक मला रस्त्यात थांबून नमस्कार करतात. उद्या प्रेतांच्या मापाची घरं विकशील. या टेबलाशी तुझी खुर्ची नाही.” नुसते बोलले नाहीत. दादाने ती खुर्ची उचलून मागच्या पडवीत नेली. मी तेव्हा हातात वाटी घेऊन उभी होते.

६. बंधू येओ कोक तेंग यांना मी एक चिठ्ठी देते. ती माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, पाकिटात आहे.

दादा, २००४ मध्ये वडील गेले. घरच्यांनी अंगावर घ्यायचे शोकाचे कापड तू मला दिले नाहीस. मी रस्त्यापलीकडे उभी राहिले. वडिलांचे घर तू इपोहहून मागवले होतेस आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतास, “इपोहचं काम आहे. आमच्या शहरात असं कोणाला जमत नाही.” लोक खिडक्या मोजत होते. बावीस होत्या.

इपोहच्या त्या दुकानातला कारागीर आजारी होता. त्यांनी काम माझ्याकडे पाठवले. धंद्यात असे चालते. तुझे-माझे नाते त्यांना ठाऊक नव्हते, आणि तू तुझे नाव लागू नये म्हणून कारकुनाच्या नावाने मागणी दिली होतीस. पण मेलेल्याचे पूर्ण नाव आणि मूळ गाव लिहून द्यावेच लागते. नाहीतर ते घर वाटेत भलतीच भुते बळकावतात. ती ही चिठ्ठी. वडिलांचे नाव मी त्यावर वाचले आणि तेरा दिवस काम केले. बावीस खिडक्या सेल्वीने चिकटवल्या. तिला सर्व माहीत होते. बी ल्वानच्या सातव्या दिवशी तू तिला बोललास तेव्हाही ती हे बोलली नाही.

त्या घरात जेवणाची खोली आहे. तू वाकून आत पाहिले नाहीस. टेबलाशी तीन खुर्च्या आहेत, एक वडिलांची, एक आईची. मेलेल्याच्या घरात जिवंत माणसाची बाहुली ठेवत नाहीत, म्हणून तिसऱ्या खुर्चीवर कोणी बसवले नाही. फक्त समोर वाटी ठेवली. तू स्वतःच्या हाताने ते घर पेटवलेस.

तेव्हा देव्हाऱ्यातली जागा तुझी तुझ्याजवळ ठेव. वडिलांच्या टेबलाशी मी एकोणीस वर्षांपूर्वीच परत गेले आहे.

७. माझ्यासाठी नवीन घर जाळू नये. परवा बी ल्वानचे जाळले, त्यात दोन पलंग आहेत, आणि जिना या दुकानासारखाच तेरा पायऱ्यांचा आहे. मी तिथे राहीन. माझ्या नावाची पाटी तिच्या पाटीशेजारी देवळाच्या फळीवर ठेवावी. आईवडिलांकडे मी मनात येईल तेव्हा जेवायला जाईन.

८. वर सांगितलेल्या टेबलाशी चौथी खुर्ची नाही. बंधूंना ती हवी असल्यास त्यांनी दुकानात येऊन सेल्वराणीकडे मागणी नोंदवावी. ती रांगेप्रमाणे घेईल. नाव स्वतःचे द्यावे, आणि पूर्ण लिहावे.

हे सर्व मी वाचून पाहिले. यातला एकही शब्द बदलायचा नाही.

सही: येओ सिउ हूंग

आम्हा दोघांसमोर तिने सही केली व तिच्यासमोर आम्ही. या मृत्युपत्राने आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: तान हॉक सून, समोरच्या कॉफीच्या दुकानाचे मालक
साक्षीदार २: रोझना बिंती इद्रिस, निवृत्त शिक्षिका

जॉर्ज टाउन, पिनांग
२४ मे २०२३