पाण्याच्या उडीपलीकडची जागा

मी, प्रिस्का जेमाइयो लेटिंग, वय सत्तेचाळीस, दिवंगत नोआ आराप लेटिंग यांची पत्नी, राहणार कापसिरेत, पूर्वीचा व्यवसाय स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची आणि पाण्यावरच्या उडीची शर्यत, धावणे, सध्याचा गाई पाळणे आणि नातेवाईक सहन करणे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, तिची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात एल्डोरेटच्या इस्पितळात व्हायची आहे. झडप आणि डोके या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मुद्दाम लिहिते, कारण माझे दीर एझ्रा आराप लेटिंग उद्या म्हणतील, बाई भ्रमात होती.

कलम पहिले. राहते घर, दोन गाई आणि पतपेढीतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी डोर्का जेलागत हिला मिळावी. डोर्का परिचारिका आहे. बस सुटताना दिसली तरी ती चालतच जाते, इतकी तिला धावण्याची आवड. मी कधी आग्रह केला नाही. काळी गाय धार काढताना लाथ मारते. तिच्याशी बोलत राहावे, कोणताही विषय चालतो.

कलम दुसरे. मुर्सिकचा भोपळा. परदेशातून जिंकून आलेल्याच्या तोंडाला विमानतळावरच मुर्सिकचा, म्हणजे आंबट दुधाचा, पोकळ भोपळा लावायचा, ही आपली रीत. माझ्या वेळी तो भोपळा नेहमी एझ्रांच्या हातात असे. भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत माझे अर्धे तोंड भोपळ्याने झाकलेले आहे आणि एझ्रांचे पूर्ण दिसते. शर्यत त्यांनी एकही पाहिली नाही. हा भोपळा त्यांना द्यावा. दूध मी पिऊन टाकले आहे.

कलम तिसरे. खिळ्यांचे बूट कोणाच्याही नावे करत नाही. ते ओढ्याकाठी पाण्याच्या उडीच्या खड्ड्याजवळच्या छपरीत खुंटीला राहावेत. तिथे सरावाला येणाऱ्या ज्या मुलीच्या पायात बसतील तिने घालावेत आणि माती झटकून परत टांगावेत. न झटकणाऱ्या मुली मला माहीत आहेत.

कलम चौथे. आता जमीन. ओढ्याकाठचा जो तुकडा माझ्या आधीच्या सपाट शर्यतींच्या बक्षिसांतून घेतला आणि माझ्या नावावर आहे, तोही डोर्काला. अट एकच, तिथला पाण्याच्या उडीचा खड्डा बुजवू नये.

तो खड्डा नोआने खणला. मी स्टीपलचेस धावायचे ठरवले तेव्हा जवळच्या मैदानातल्या खड्ड्यात पाणी नव्हते, लोक त्यात मका वाळत घालत. नोआने निलगिरीचा ओंडका आडवा बसवला, पलीकडे खणले, ओढ्यातून पाट काढला. चर्चला जायचा पायजमा घालून खणत होता, कारण दुसरा मी धुवायला टाकला होता. पहिल्या दिवशी मी ओंडक्यावर पाय देऊन सगळे पाणी ओलांडायला गेले आणि तोंडावर पडले. नोआ काठावरून म्हणाला, "एक पाय भिजू दे गं. कोरडी राहायला जाशील तर रोज पडशील." पुढे परदेशात मोठमोठ्या शिक्षकांनी हेच तक्ते दाखवून शिकवले. त्यांचे पायजमे स्वच्छ होते.

गावाचे म्हणणे होते की बाईने अशी टांग टाकली तर मूल होत नाही. डोर्का झाली. मग म्हणणे बदलले, की मुलगा होत नाही. मुलगा झाला नाही, आणि गाव आजवर त्या शोधावर खूश आहे.

नोआ गेल्याच्या पुढच्या वर्षी एझ्रांनी या तुकड्यासाठी झाडाखाली पंच बसवले. खड्डा बुजवून भाड्याच्या खोल्या बांधायचा त्यांचा बेत होता. वडीलधाऱ्यांसमोर ते फार मऊ बोलतात. मलाही मऊच म्हणाले, "वहिनी, जमिनीला मुलगा लागतो. तुम्हाला नाही. मग आपली जुनी रीत आहे ना. गाई देऊन एक पोरगी घरात आणा, तिचे नवरे व्हा. तिला मुलगा झाला की तो तुमचा वारस." या रीतीने आमच्याकडे कित्येक निपुत्रिक बायकांची म्हातारपणे नीट गेली आहेत, तिला मी नावे ठेवत नाही. पण मला मुलगी आहे, आणि वारस मोठा होईपर्यंत जमीन कोणी सांभाळायची हे एझ्रांनी आधीच ठरवून ठेवले होते. मी म्हणाले, एका नवऱ्याचे करून मी दमले, आता नवरा होऊन दुसऱ्या बाईला दमवू?

वडीलधारे हसले. हसले म्हणजे पटले, असे मी समजले. ती माझी चूक. ते पुन्हा जमिनीला मुलगा लागतो इथेच आले.

तेव्हा दुधाची किटली घेऊन रस्त्याने चाललेली राएल जेसेरेम थांबली. राएल माझी शेजारीण. ती आणि मी बारा वर्षे एकमेकींविरुद्ध धावलो. अल्जीयर्सच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या पाण्याच्या उडीवर आम्ही दोघी एकमेकींत अडकून पडलो, आणि एक इथिओपियन मुलगी आमच्या शेजारून आरामात जिंकायला गेली. राएल म्हणते मी कोपर मारले. मी म्हणते ती जागा नसताना धावपट्टीच्या आतल्या बाजूने घुसली. यावरून आम्ही सहा वर्षे बोलत नव्हतो आणि त्यानंतर फक्त यावरच बोलतो.

तिने किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "एझ्रा, हिला अडवायला मी बारा वर्षं धावले. मला जमलं नाही. तुला खुर्चीत बसून जमणार आहे का?"

पंच त्या दिवशी उठले. एझ्रा उठले नाहीत, ते फक्त थांबले आहेत.

कलम पाचवे, आणि हे लिहिण्यासाठीच बाकीची लिहिली. शस्त्रक्रियेची बातमी कळताच एझ्रा केळी घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, देव करो आणि काही न होवो. पण झालंच, तर नोआच्या शेजारची जागा तुमच्यासाठी राखली आहे. माणसानं आपल्या माणसाजवळ असावं." नोआ एझ्रांच्या अंगणात पुरलेला आहे. केळी चांगली होती.

आमच्याकडे जमिनीचा एक पुरावा कागद असतो आणि दुसरा कबर. कागद कोर्टात फिरतो. कबर जागची हलत नाही, आणि तिच्यावर कोणी भाड्याची खोली बांधत नाही. मी दिरांच्या अंगणात गेले की माझा तुकडा मोकळा झाला. डोर्का एल्डोरेटला रात्रपाळीत, आणि इथे एका सकाळी खड्ड्यात मातीची गाडी. रोज पहाटे त्या ओंडक्यावर पाय देणाऱ्या पोरींनी मग कुठे जायचे?

पण नोआशेजारी झोपायला मला आवडले असते, हेही या कागदावर असू दे. तो घोरत असे. घोरणे थांबले की मला जाग येई. शेवटी तशीच जाग आली.

तरी मला ओढ्याकाठच्या तुकड्यात पुरावे. पाण्याच्या उडीपलीकडे, पण मुलींचा पाय पडतो तिथे नाही, चार हात बाजूला. दगड उभा लावू नये, एखादी अडखळेल. नोआ जिथे आहे तिथे त्याला राहू द्यावे. त्याच्या हातचा खड्डा माझ्याजवळ आहे, तेवढ्यात मी भागवेन.

वकीलबाई म्हणतात, पुरण्याची जागा मृत्युपत्राने बांधली जात नाही, ती मागे राहिलेल्यांच्या मनावर असते. म्हणून या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी राएल जेसेरेम हिला नेमते. तिने जन्मात कोणाला आतल्या बाजूने पुढे जाऊ दिलेले नाही. ती साक्षीदारही असल्यामुळे तिला या इस्टेटीतले काही देऊ नये असा वकीलबाईंचा सल्ला आहे. मीही काही काढून ठेवले नव्हते.

मी तिला विचारले, एझ्रा आडवे आले तर काय करशील. ती म्हणाली, "पुरेन तुला तिथेच. पण आतल्या बाजूला नाही. आतली बाजू माझी होती."

येथवर लिहिलेले मला वाचून दाखवले, मी ते ऐकून दोन ठिकाणी हसले आणि एका ठिकाणी नाही, व माझ्या हाताने सही केली.

प्रिस्का जेमाइयो लेटिंग
कापसिरेत, ९ जून २०२३

साक्षीदार:
१. लीडिया चेमवेनो, वकील, कापसाबेत
२. राएल जेसेरेम, कापसिरेत. कोपराचे सोडून बाकी सर्व मान्य. जागा आज पावलांनी मोजून चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून आले आहे. एझ्राने पाहिले.